दहा दिवसांची वीज

भाद्रपद जवळ आला कीं परळ-भोईवाड्याच्या गल्ल्यांचें रूप पालटूं लागतें. श्रावणाच्या सरी अजून ओसरलेल्या नसतात, हिंदमात्याच्या सखल रस्त्यावर जोराच्या पावसाबरोबर पाणी सांचतच असतें, तोंच रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ्यांचे सांगाडे उभे राहतात. त्यांवर पत्रे चढतात, आंतून कापडाचे पडदे लागतात. मूर्ति कोणाकडे घडवावयाची, देखावा कोणता करावयाचा, वर्गणी किती धरावयाची, ह्या सर्व गोष्टींचा खल आषाढापासून चाललेला असतो. विजेची आठवण मात्र पुष्कळ ठिकाणीं सर्वांच्या शेवटीं होते. चतुर्थी उद्यांवर आली म्हणजे कोणी तरी तारेचें भेंडोळें खांद्यावर टाकून येतो, शिडी लावतो, आणि दिवे लागले कीं काम झालें असें सर्वजण समजतात. दिवे लागणें आणि काम नीट झालेलें असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेंच आजच्या लेखांत आम्हांस वाचकांच्या मनावर ठसवावयाचें आहे.

हा विषय मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आहे, घरच्या मंडळींचा नाहीं, असें कोणास वाटेल. परंतु मंडपांत जातें कोण? सकाळीं अथर्वशीर्षाच्या आवर्तनास घरांतील स्त्रिया जातात. सायंकाळीं आरतीस, आणि खरें म्हणजे खिरापतीस, मुलें धांवतात. आजोबा पुढच्या खुर्चीवर बसून भजन ऐकतात. शिवाय भोईवाड्याचा शेजार पाहिला तर के. ई. एम. आणि टाटा हीं मोठीं रुग्णालयें जवळच आहेत. त्यामुळें परगांवाहून आलेले रोग्यांचे आप्तही दोन घटका देवापुढें हात जोडावयास येतात. ह्या सर्वांत एक गोष्ट समान असते. देवासमोर जावयाचें म्हणून प्रत्येकानें पादत्राणें बाहेर काढून ठेवलेलीं असतात. पावसाळ्याचे दिवस, ओली जमीन, अनवाणी पाय, आणि हात दर्शनाच्या रांगेच्या लोखंडी कठड्यावर! विजेच्या दृष्टीनें ह्याहून वाईट योग शोधूनही सांपडणार नाहीं.

मुंबईची आणि विजेची ओळख शतकाहून जुनी आहे. १९०५ सालीं ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी निघाली आणि ७ मे १९०७ रोजीं शहराच्या रस्त्यावरून विजेची पहिली ट्राम धांवली. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रांतील वीज तारांवरून मुंबईस आली व गिरण्यांचीं यंत्रें तिजवर चालूं लागलीं. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं ती जुनी कंपनी महानगरपालिकेच्या मालकीची झाली; तिलाच आपण ‘बेस्ट’ म्हणून ओळखतों, आणि भोईवाड्यासह शहरभागास आजही तीच वीज पुरविते. सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपराही अशीच दीर्घ आहे. १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं त्यास चालना दिली. शेजारच्या लालबागेंत गणेश गल्लीचा उत्सव १९२८ सालीं आणि ‘लालबागचा राजा’ ह्या नांवानें सर्वश्रुत झालेला उत्सव १९३४ सालीं सुरू झाला. समया, कंदील आणि गॅसबत्त्या ह्यांवर जेथें भागत असे तेथें कांहीं बिघडलें तर तें डोळ्यांस दिसे, नाकास कळे. विजेचें तसें नाहीं. लोखंडी खांबांत वीज उतरली आहे कीं नाहीं हें पाहून समजत नाहीं. आणि स्पर्शानें समजतें तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो.

घरची वीज आणि मंडपाची वीज

घरांतील विजेची मांडणी एकदां होते आणि वर्षानुवर्षें भिंतींत स्थिर राहते. तिजवर पाय पडत नाहीं, तिला पाऊस लागत नाहीं. मंडपांतील तारेची गोष्ट अगदीं उलट. ती उघड्यावर असते, सुतळीनें बांधलेली असते, वाऱ्यानें हलते, पत्र्याच्या धारेवर घासते; तिजवरून खुर्च्या ओढल्या जातात. जोड सुटे असतात, आणि रोज कोणी ना कोणी त्यांत फेरफार करीत असतो. म्हणून ‘दहा दिवसांचा तर प्रश्न!’ असें म्हणून जी ढिलाई होते ती उलट्या न्यायाची आहे. जी जोडणी थोडे दिवस टिकावयाची तीच अधिक धोक्याची, आणि म्हणून तिलाच अधिक कडक नियम पाहिजेत. जाणत्यांनींही हेंच मानलें आहे. भारताच्या राष्ट्रीय विद्युत्-संहितेंत उघड्यावरील तात्पुरत्या मांडणीस स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. आणि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाची २०२३ सालची सुरक्षेविषयींची नियमावली घरास लागू आहे तशी मंडपासही लागू आहे.

सुदैवानें सरळ वाट कठीण नाहीं. सार्वजनिक उत्सवाकरितां बेस्टकडून तात्पुरता मीटर मिळतो. त्यासाठीं अर्ज करावा लागतो, आणि आंतील मांडणी परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेऊन तिच्या तपासणीचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला म्हणजे कागदी उपचार आहे असें समजूं नये. मांडणी तपासून तिची हमी कोणी तरी जाणकारानें स्वतःच्या सहीनें घेतली आहे, एवढा त्याचा अर्थ आहे. आणि दहा दिवस शेंकडों लोकांनीं ज्या छपराखालीं यावयाचें तेथें अशी एक सही असणें हें अधिक नव्हे. जो कोणी रस्त्याच्या खांबावरून चोरून तार ओढतो तो २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाखालीं गुन्हेगार तर होतोच. पण त्याहून वाईट हें कीं, अशा आंकडा टाकून आणलेल्या विजेस ना धड फ्यूज असतो, ना अर्थिंग.

परतीची वाट

विजेचा स्वभाव समजण्यास फारसें शास्त्र लागत नाहीं. ती एका तारेनें येते आणि दुसरीनें परत जाते. येणारीस फेज म्हणतात, परतीच्या तारेस न्यूट्रल. आपल्या घरीं ह्या दोहोंमधील दाब २३० व्होल्ट असतो. तिसरी हिरवी तार अर्थिंगची. रोजच्या व्यवहारांत ती कांहींच काम करीत नाहीं, आणि म्हणूनच तिचें महत्त्व कोणास वाटत नाहीं. घरांतील वडील माणसाप्रमाणें ती एका बाजूस स्वस्थ असते. प्रसंग आला म्हणजे सर्व भार तिजवर पडतो. एखाद्या तारेचें वेष्टण घासलें जाऊन फेज लोखंडी सांगाड्यास टेकली, तर त्या विजेस परत जाण्याची सोपी वाट अर्थिंगची तार करून देते. ती वाट नसेल तर सांगाडा विजेनें भारलेला राहतो, आणि जो कोणी ओल्या पायांनीं त्यास हात लावील त्याच्या शरीरांतून ती जमिनींत उतरते.

किती वीज माणसास घातक होते? अँपियरच्या हजाराव्या भागास मिलिअँपियर म्हणतात. सुमारें एक मिलिअँपियर प्रवाह मुंग्या आल्यासारखा जाणवतो. सुमारें दहा झाला कीं हाताचे स्नायु आंखडतात व धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं. तिसाच्या पुढें प्रवाह जसजसा वाढतो आणि जितका अधिक वेळ टिकतो, तसतसा हृदयाचा ठेका बिघडण्याचा संभव वाढत जातो. आतां ही तुलना पाहा. ४० वॉटचा साधा बल्ब २३० व्होल्टवर सुमारें १७४ मिलिअँपियर घेतो. म्हणजे माजघरांतील मंद दिव्यास जेवढा प्रवाह लागतो तेवढा माणसाचा प्राण घेण्यास पुरून उरतो. भिजलेल्या शरीराचा विरोध एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टचा दाब त्यांतून २३० मिलिअँपियर ढकलूं शकतो. फ्यूजचा हिशेब मात्र अँपियरांत चालतो. ५ अँपियरचा फ्यूज म्हणजे पांच हजार मिलिअँपियर. तो तारेस जळण्यापासून राखतो. माणसास राखणें हें त्याचें काम नव्हे, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणें हीच मोठी चूक आहे.

माणसास राखणारें यंत्र वेगळें. त्यास आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन त्यासच ईएलसीबी म्हणतात. फेजनें जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलनें परत आली कीं नाहीं, ह्याचा हिशेब तें क्षणोक्षणीं ठेवतें. मध्येंच कोठें वीज गळूं लागली व दोहोंत ३० मिलिअँपियरचा फरक पडला कीं तीन दशांश सेकंदाच्या आंत तें प्रवाह तोडतें. जमाखर्चांत तूट दिसतांच वही मिटणाऱ्या चोख कारकुनासारखें त्याचें काम आहे. मंडपाच्या मुख्य फलकावर असें यंत्र असलेंच पाहिजे. शक्य असेल तर दिवे, ध्वनिक्षेपक आणि देखावा ह्यांच्या शाखांवर वेगवेगळीं असावींत, म्हणजे एकीकडे दोष उत्पन्न झाला तरी सबंध मंडप अंधारांत जाऊन गोंधळ माजत नाहीं. ह्या यंत्रावर ‘टी’ अक्षराचें एक बटण असतें. तें दाबतांच वीज तुटली पाहिजे. न तुटली तर यंत्र निकामी समजावें. उत्सवाच्या दिवसांत हें बटण रोज एकदां दाबून पाहण्यास क्षणभरही लागत नाहीं. मात्र एक ध्यानांत ठेवावें कीं, ह्या बटणानें यंत्राची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाहीं.

मातींत ठोकलेली सळई

अर्थिंगच्या बाबतींत एक फसवी पद्धति पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. मंडपामागील मातींत हातभर लोखंडी सळई ठोकावयाची, तिला तार गुंडाळावयाची, आणि अर्थिंग झालें म्हणावयाचें. ह्यांत काय उणें आहे तें आंकड्यांनीं पाहूं. समजा, त्या सळईवाटे जमिनींत जाण्याच्या मार्गाचा विरोध २० ओहम आहे. फेज सांगाड्यास टेकली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर वीज त्या मार्गानें जाईल. मुख्य फ्यूज ३२ अँपियरचा असेल तर तो वितळणार नाहीं. दिवे लागलेलेच राहतील, भजन चालूं राहील, आणि सांगाडा मात्र विजेनें भारलेला राहील. कार्यकर्त्यांच्या मनाचें समाधान व्हावें एवढाच त्या सळईचा उपयोग.

हीच स्थिति आरसीसीबी असतांना कशी होईल? साडेअकरा अँपियर म्हणजे साडेअकरा हजार मिलिअँपियर. यंत्र तर तिसासच तोडतें. तेव्हां त्या एका यंत्रानें किती फरक पडतो तें उघड आहे. पण म्हणून अर्थिंगची हेळसांड करावी असें नव्हे, कारण यंत्रही कधीं तरी बिघडतें. दोन्ही पाहिजेत. अर्थिंग परवानाधारक माणसानें मापयंत्रानें मोजून सिद्ध केलें पाहिजे. डोळ्यांच्या अंदाजानें तें होत नाहीं. तसेंच सांगाड्याच्या नळ्या, रांगेचा कठडा, पत्र्याचें छप्पर आणि मूर्तीमागील लोखंडी चौकट हीं सर्व जाड तारेनें एकमेकांस जोडून मग अर्थिंगला जोडलीं पाहिजेत. रंग दिलेल्या अथवा गंजलेल्या नळ्या नुसत्या एकमेकांस टेकल्या म्हणजे त्यांतून वीज सुखानें जाईलच असें नाहीं. कमानीचा एखादा खांब लांकडी ठोकळ्यावर उभा असेल तर तो एकटाच वेगळा पडतो, आणि अपघात नेमका त्याच खांबापाशीं होऊं शकतो.

न्यूट्रल सुटला तर

मोठ्या मंडपास तीन फेजची वीज घ्यावी लागते. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल ह्यांमध्यें २३० व्होल्ट असतात, पण कोणत्याही दोन फेजांमध्यें सुमारें ४००. जोंवर न्यूट्रल शाबूत आहे तोंवर ह्या चारशांशीं आपला संबंध येत नाहीं. पण त्याचा जोड सैल राहून सुटला तर काय होतें? समजा, एका फेजवर २००० वॉटचे मोठे दिवे आहेत, दुसरीवर साध्या बल्बांची २०० वॉटची माळ आहे, आणि तिसरीवर त्या वेळीं कांहींच चालूं नाहीं. न्यूट्रल सुटतांच हे दोन्ही भार जणुं एकाच माळेंत ओंवले जाऊन ४०० व्होल्टवर येतात. ढोबळ हिशेबानें मोठ्या दिव्यांच्या वांट्यास सुमारें ३६ व्होल्ट येतात आणि त्या बिचाऱ्या माळेच्या वांट्यास सुमारें ३६४! मोठे दिवे मंदावतात, माळ क्षणभर डोळे दिपविते आणि जळते. शेजारीं कापडाचा पडदा असेल तर पुढें काय होईल तें सांगावयास नको.

म्हणून न्यूट्रलच्या जोडाकडे विशेष लक्ष द्यावें आणि त्यावर एकट्यावर फ्यूज कधींही बसवूं नये. आणि एक खूण घरांतील लहानथोर सर्वांनीं ध्यानांत ठेवावी : मंडपांत कांहीं दिवे एकाएकीं मंद आणि कांहीं एकाएकीं प्रखर झाले तर कौतुकानें पाहत उभें राहूं नये, मुख्य स्विच ताबडतोब बंद करावयास सांगावें.

भार आणि भेंडोळें

दुसरा विचार भाराचा. वॉटांस व्होल्टांनीं भागलें कीं अँपियर मिळतात, हें गणित शाळेंतील मूल करूं शकतें. २००० वॉटची चहाची किटली सुमारें ८.७ अँपियर घेते. ती ६ अँपियरच्या बारीक सॉकेटमध्यें खोंचणें म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर धान्याचें पोतें देणें होय. तिला १६ अँपियरचें मोठें सॉकेटच पाहिजे. एका सॉकेटमधून तीन फांटे आणि त्यांतून आणखी तीन, हा वंशविस्तार कौतुकाचा नव्हे.

लांब तार पुरून उरली म्हणजे तिचें भेंडोळें करून कोपऱ्यांत ठेवण्याची संवय सर्वत्र आहे. भरपूर वीज वाहूं लागली कीं प्रत्येक तार थोडी तापते. मोकळ्या तारेची उष्णता हवेंत जाते. भेंडोळ्याची आंतल्या आंत कोंडते, वेष्टण मऊ होतें, आणि शेवटीं तार तारेस भिडते. म्हणून चरकीवरील तार पूर्ण उलगडून वापरावी. दोन तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड कोरड्या घरांतही बरा नव्हे. मंडपांत तर तो वर्ज्यच मानावा. पाऊस न लागणाऱ्या बंद पेटींतील जोड वापरावेत, आणि ते जमिनीपासून उंच, मुलांच्या हातास न येतील असे बांधावेत. तापणारे दिवे कापड, कागद व फुलें ह्यांपासून दूर असावेत.

जोडण्याचा क्रम

आतां प्रत्यक्ष जोडणी. येथें क्रम फार महत्त्वाचा आहे. प्रथम मंडपांतील सर्व उपकरणें व मुख्य स्विच बंद असावेत. मग ज्या ठिकाणाहून वीज घ्यावयाची त्या ठिकाणची परीक्षा व्हावी : फेज आपल्या जागीं आहे काय, न्यूट्रल शाबूत आहे काय, अर्थिंग खरें आहे काय, दाब योग्य आहे काय. ही खात्री झाल्यावर तार जोडावी, नंतर मुख्य स्विच लावावा, आरसीसीबीचें बटण दाबून पाहावें, आणि सर्वांच्या शेवटीं एकेक शाखा चालूं करावी. काढतांना हाच क्रम उलटा. भार चालूं असतांना प्लग ओढणें आणि ओल्या हातानें प्लग खोंचणें हीं दोन्ही कृत्यें मूर्खपणाचीं आहेत.

खिशांतील टेस्टरवर फार भिस्त ठेवूं नये. त्याचा तांबूस दिवा लागला म्हणजे तेथें फेज आहे एवढेंच समजतें. अर्थिंग आहे कीं नाहीं हें तो सांगत नाहीं. फेज व न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील तर दिवा लागतो आणि विझतोही; पण बटण बंद केल्यावरही होल्डरमध्यें वीज तशीच राहते, आणि बल्ब बदलणाऱ्यास ती गांठते. तीन बारीक दिव्यांचा एक तपासणी-प्लग बाजारांत मिळतो. तो सॉकेटमध्यें घातला कीं हे उलटसुलट जोड तत्काळ दाखवितो. अर्थिंग किती चांगलें आहे हें मात्र त्यासही मोजतां येत नाहीं. तें काम वायरमनच्या मापयंत्राचें.

वीज गेली असतां जनरेटर लावतात. तेव्हां बेस्टची वीज आणि जनरेटरची वीज ह्यांमध्यें एका वेळीं एकच वाट उघडेल असा बदल-स्विच असलाच पाहिजे. नाहीं तर जनरेटरची वीज उलट्या वाटेनें बाहेरील तारांत शिरते, आणि वीज बंद आहे अशा भरंवशावर काम करीत असलेल्या कामगारावर घाला पडतो. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

चाकांवरचें घर

अनंतचतुर्दशीस तर मंडपच जणुं चाकांवर चढून निघतो : गाडीवर मूर्ति, दिवे, ध्वनिक्षेपक आणि मागें जनरेटर. आतां अशाच प्रकारचें, पण राहण्याचें, चाकांवरचें घर आपल्याकडेही येऊं लागलें आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. मोटारीच्याच पोटांत निजावयाची व रांधावयाची सोय. रात्रीं तळावर गाडी उभी करावयाची आणि तेथील खांबावरून तारेनें वीज घ्यावयाची. मुलांबाळांसह अशा प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांनीं मंडपाचाच धडा पुन्हां वाचावा. ही गाडी रबरी चाकांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली असते. अर्थिंगची तिची एकमेव वाट म्हणजे खांबाकडून येणाऱ्या तारेंतील तिसरी तार. ती तुटलेली असेल आणि आंत एखादी फेज पत्र्यास टेकली, तर गाडींत बसलेल्यांस कांहींच कळत नाहीं; पण ओल्या गवतावर उभा राहून जो दाराची मूठ धरील त्यास धक्का बसतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय विद्युत्-मानकांत कॅराव्हॅनच्या तळांकरितां वेगळा भाग आहे, आणि तेथील प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपियरचें स्वतंत्र संरक्षक यंत्र असावें असें त्यांत सांगितलें आहे.

ज्यांचे चिरंजीव व सुना अमेरिकेंत आहेत त्यांनीं त्यांस आणखी एक गोष्ट कळवावी. तेथें घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट असतो, आणि तळांवर ३० व ५० अँपियरचीं सॉकेटें असतात. अशा गाडीसाठीं घराशीं ३० अँपियरचें सॉकेट बसवून घेतांना कधीं कधीं वायरमन तें कपडे वाळविण्याच्या यंत्राप्रमाणें २४० व्होल्टचें जोडून देतो. मग गाडींतील उपकरणांस दुप्पट दाब बसतो. ५० अँपियरच्या चार पिनांच्या जोडणींत न्यूट्रल सुटला तर भोईवाड्याच्या मंडपांतील माळेची जी गत तीच तेथील उपकरणांची. देश बदलला म्हणून विजेचा स्वभाव बदलत नाहीं. तळ कोणताही असो, आधीं तपासावें आणि मग जोडावें.

अपघात झालाच तर

विजेस चिकटलेल्या माणसास पाहून धांवत जाऊन ओढणें हा मायेचा पहिला आवेग असतो, आणि त्यानेंच एकाच्या जागीं दोन जीव जातात. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो सांपडत नसेल तर कोरड्या वस्तूवर उभें राहून कोरड्या लांकडानें अथवा प्लास्टिकच्या खुर्चीनें माणूस व तार ह्यांस वेगळें करावें. उघड्या हातानें शिवूं नये. मग एकानें १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवावें. माणूस शुद्धीवर नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल तर दुसऱ्यानें वेळ न दवडतां छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाब देण्यास आरंभ करावा : मिनिटास १०० ते १२० वेळां, मोठ्या माणसाची छाती सुमारें ५ सेंटिमीटर खालीं जाईल इतक्या जोरानें, आणि मदत येईपर्यंत न थांबतां. माणूस उठून बसला व ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणाला तरी त्यास डॉक्टरांकडे नेलेंच पाहिजे. हृदयाच्या ठेक्यांतील बिघाड वरून दिसत नाहीं. मंडपांतील निदान चार कार्यकर्त्यांस हें सर्व शिकविलेलें असावें, आणि मुख्य स्विच कोठें आहे हें तर तेथें बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावें. तो फलक देखाव्याच्या पडद्यामागें दडविण्याची वस्तु नव्हे.

वर्गणी देतांना

कोणी म्हणतील, आम्ही तर केवळ दर्शनास जाणारे. आमच्या हातीं काय आहे? आमच्या मतें पुष्कळ आहे. ज्या घरांतून वर्गणी जाते त्या घरास विचारण्याचा अधिकार आहे. कार्यकर्ते हे परके नव्हेत; आपलेच पुतणे, भाचे आणि शेजारचीं मुलें असतात, आणि वडीलधाऱ्यांनीं ममतेनें विचारलें तर तीं रागावत नाहींत. तेव्हां यंदा पावती फाडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. वीज बेस्टच्या तात्पुरत्या मीटरची आहे काय? मांडणी परवानाधारकानें केली व तपासली आहे काय? आरसीसीबी बसविली आहे काय, आणि तिचें बटण रोज कोण दाबून पाहणार? रात्रीं मंडपांत जो जागणार त्यास मुख्य स्विच ठाऊक आहे काय? हे प्रश्न घरांतील आजीबाईंनीं विचारले तर अधिकच चांगलें, कारण त्यांस उडवाउडवीचें उत्तर देण्याचें धैर्य गल्लींतील कोणासही होत नाहीं.

उत्तरें समाधानकारक मिळालीं तर ठरल्यापेक्षां थोडी अधिक वर्गणी द्यावी, आणि ती वायरमनच्या मजुरीसाठीं आहे असें सांगून द्यावी. देखाव्यांतील एखादी कमान कमी झाली तर गजाननाच्या उत्सवांत कांहीं उणें पडत नाहीं. ज्यास आपण विघ्नहर्ता म्हणून हांक मारतों त्याच्याच दारांत विघ्न मांडून ठेवूं नये, एवढी खबरदारी तरी भक्तांनीं घेतलीच पाहिजे.